लेप वाळायच्या आधी

विमल डंभारेले घाण चालत नव्हती. हे मी पहिलेच सांगून टाकते, कारण आता पांढरकवड्यात जो उठला तो म्हणते, त्या बाईच्या पनीरातच घाण होती. म्हणणाऱ्यायची जीभ झडो! ज्यायनं हातपाय न धुता तिच्या घरी चहा पेला, ते आज मले स्वच्छता शिकवून राह्यले. मी कांता मानकर. विमलताईच्या पनीरच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून तिच्यासंग उभी होती. मले जे मालूम आहे ते मी सांगते. ज्याले ऐकायचं नसन त्यानं खुशाल उठून जावं.

कारखाना म्हटलं तर फार मोठं काही डोळ्यापुढं आणू नका. हायवेच्या कडेले टिनाचं शेड, आत दोन भट्ट्या, दाबायचे साचे, एक फ्रीज अन् मधात स्टीलचा लांब टेबल. बचत गटातल्या आम्ही काही बाया. आजूबाजूच्या खेड्यांतून दूध यायचं, आम्ही ते तापवून फाडायचो, फडक्यात बांधून दाबायचो, अन् टेबलावर कापून हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या ढाब्यायले पोचवायचो. पनीर बरं असते की नाही हे ट्रकवाल्याले विचारा, तो तोंडावर सांगते. आमच्या पनीरची कोणी कधी तक्रार केली नाही.

हे सारं विमलताईनं उभं केलतं. तिचा नवरा ट्रकवर क्लीनर होता. एका हिवाळ्यात अदिलाबादकडं गेला तो परत आलाच नाही. मेला की तिकडंच दुसरं घर केलं, देव जाणे. तिची पोरगी दिपाली तेव्हा रांगत होती. विमलताई हायवेच्या ढाब्यावर भांडी घासायले लागली, पोरगी पाठीमागं गोणपाटावर. वर्षं काढली तिनं त्या मोरीपाशी. लोकायची खरकटी ताटं घासायची, पण स्वतः तिथलं पाणी सुदिक पेत नव्हती, घरून बाटली आणायची. मालक हसायचा. तिथल्याच एका पंजाबी आचाऱ्यानं तिले पनीर शिकवलं, कारण त्याले म्हणे साऱ्या ढाब्यात हिच्याच हाताचा भरवसा वाटायचा.

अन् हात कसे होते तिचे! साबण, सोडा, तारेची घासणी यायनं पार सोलून निघालेले. आमच्यावर खेकसायची, "नखं दाखव. केस बांध. पदराले हात पुसला न तू आता? जाय, धुऊन ये." आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायची, "बाई, तू पनीर बनवून राह्यली का ऑपरेशन करून राह्यली?" ती ऐकायची नाही. टेबल तर तिनं कधी दुसऱ्या कोणाले धुऊ दिलाच नाही. मी भट्टीवर, बाकीच्या साच्यावर, अन् टेबल तिचा. रोज काम उरकलं की ती स्वतः उभी राहून त्याले घासायची, गरम पाणी ओतायची, मंग घरी जायची.

दिपालीचं लग्न घाटंजीले झालं. जवाई श्रावण, बियाण्याच्या दुकानात कामाले. पोरगा वाईट नाही, पण आईपुढं तोंड उघडत नाही. लग्नाले वर्षं झाली तरी पोट्टीले दिवस राह्यले नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, वणीचा वैद्य झाला, उपास झाले. सासू ऊठसूट बोलायची. दिपाली माहेरी आली की आईच्या घरी नुसती झोपून राह्यची अन् म्हणायची, "आई, अजून एखादं वर्ष पाहतीन, मंग ते दुसरी करतीन."  विमलताई दुसऱ्या दिवशी टेबल जरा जास्तच घासायची.

अन् त्या पावसाळ्यात दिपालीले दिवस राह्यले. बाप्पा, काय सांगू त्या बाईचं! भर कारखान्यात तिनं मले मिठी मारली, हातात पनीरचं फडकं तसंच. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच. हे लेकरू सुखरूप आलं पाह्यजे. पोट्टीचा संसार त्या लेकरावर टांगून होता, हे तिलेही मालूम होतं अन् मलेही.

तो लेप आला तो याच दिवसात. टेबल जुना झालता. चाकूचे चरे पडले होते, बारीक खड्डे पडले होते, अन् विमलताईले रात्रंदिवस तेच दिसायचं. म्हणायची, "त्या चऱ्यात काय बसून राह्यत असन कोण जाणे. दिपाली बाळंतपणाले येईन, तिले मी रोज इथलंच पनीर देईन, अन् असा टेबल?" नवा टेबल घ्यायची आमची ऐपत नव्हती. तेवढ्यात नागपूरहून रजत नावाचा एक पोट्टा आला. खाद्यपदार्थाच्या कारखान्यात टेबलायले, भिंतीले जंतू मारणारा लेप लावून द्यायचं काम करायचा. गोड बोलायचा, पण लबाड नव्हता. मी आज बी त्याले लबाड म्हणणार नाही.

त्यानं सारं समजावून सांगतलं. म्हणे, "काकू, हा प्लास्टिकच्या जातीचा लेप आहे. चरे भरून निघतात अन् वर गुळगुळीत थर बसतो. त्या थरातच जंतू मारायचं औषध आहे. जंतू बसला की तिथंच मरतो."

विमलताईनं विचारलं, "म्हणजे मंग धुवायचं नाही का?"

"धुवायचं तर रोजच आहे. पण तारेनं घासायचं नाही, नरम फडक्यानं धुवायचं. आणि एक गोष्ट महत्त्वाची आहे, काकू. लेप पूर्ण वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाणी नाही, धूळ नाही, आणि तेल तर अजिबात नाही. तेल लागलं त्या जागी लेप टेबलाला धरणार नाही."

दोन दिवस काम बंद ठेवणं आम्हाले परवडत नव्हतं. म्हणून विमलताईनंच म्हटलं, दसऱ्याले तसंही सुट्टी असते, तेव्हा लावून टाक. पोट्ट्यानं दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लेप लावला. दुधी रंगाचा, चकचकीत. आम्ही साऱ्या दारातूनच पाहून राह्यलो होतो. विमलताई तर श्वास रोखून उभी होती. त्यानं दार लोटलं, परत एकदा बजावलं अन् गेला.

आता इथं ऐका. आम्ही बौद्ध. दसऱ्याच्या दिवशी आमच्या वस्तीतून दीक्षाभूमीले गाडी जाते, मी दरसाल जाते. त्या सकाळी पांढरी साडी नेसून मी निघाली, अन् माह्यापासची किल्ली विमलताईले द्यायची म्हणून रस्त्यात कारखान्यापाशी गाडी थांबवली. पाहते तं दार आधीच उघडं, तिनं तिच्यापासची दुसरी किल्ली लावली होती. आत उदबत्तीचा वास. विळा, चाकू, वजनकाटा, भट्टी, साऱ्यायले झेंडूचे हार. साऱ्या बाया न्हाऊन-धुऊन उभ्या. अन् विमलताई वाटीत तेलात कुंकू कालवून त्या ओल्या टेबलावर स्वस्तिक काढून राह्यलती.

"अवं बाई!" मी ओरडली. "त्या पोट्ट्यानं हात लावू नका म्हटलं न!"

तिनं मान वर केली नाही. "हात कोण लावून राह्यलं? मी पूजा करून राह्यली."

"तेल आहे त्या कुंकवात."

"कांते, तुमच्यात नसते, तुले नाही समजणार. आज घरचा पाटावरवंटा सुदिक पुजल्याबिगर ठेवत नाही. काट्याची पूजा केली, भट्टीची केली, अन् ज्याच्यावर आपलं पोट आहे त्या टेबलालेच उपाशी ठेवू? अन् यंदा? यंदा माह्या दिपालीची बातमी असताना?"

तिच्या मनात ते हात लावणं नव्हतंच. हात लावणं म्हणजे काम करणं. पूजा हे काम थोडंच असते? बाकीच्या बायायनं माना हलवल्या. बाहेर गाडीवाला हॉर्न मारून राह्यला होता. मी आणखी बडबड केली, पण ऐकते कोण? तिनं स्वस्तिकावर नारळाचं पाणी शिंपडलं, हळद वाह्यली, आपट्याची पानं ठेवली अन् डोळे मिटून उभी राह्यली. ओठ हलून राह्यलते. मी किल्ली ठेवली अन् गेली.

परत आली तेव्हा टेबल वाळला होता. वरची पानं-फुलं उचलून, पुसून घेतलतं, पण स्वस्तिक गेलं नव्हतं. लेपातच बसून गेलं, फिकट गुलाबी. साऱ्या बाया खूश. म्हणे देवानं ठेवून घेतलं. रजतचा फोन आला, "काकू, नीट वाळला ना?" विमलताई म्हणाली, "एकदम मस्त वाळला, बाबू." तिले खोटं बोलायचं नव्हतं. तिच्या नजरेनं तो मस्तच वाळला होता.

मंग रोजची रीत पडली. सकाळी आली की ती स्वस्तिकाले बोट लावून छातीले लावायची. संध्याकाळी सारा टेबल नरम फडक्यानं धुवायची, साबण, गरम पाणी, सारं बराबर. पण स्वस्तिकावर आलं की हात हलका व्हायचा. नुसतं पुसून घ्यायची. शुभ खूण ती, घासून मिटवते कोण? थंडीच्या दिवसात त्या जागी लेप जरासा फुगल्यावानी दिसायले लागलता, कडा उचलल्यावानी. एका बाईनं दाखवलं बी. विमलताई म्हणाली, "राहू दे. नखानं उकरू नको, निघून जाईन."

दिपाली सातव्या महिन्यात आली. पोट छान दिसत होतं, तोंडावर तेज. चोळी-बांगडी झाली, वस्तीतल्या बाया आल्या, गाणी झाली. विमलताई रोज सकाळी ताज्या पनीरचा पहिला तुकडा तिच्यासाठी बाजूले काढायची, अन् तो कुठं ठेवायची? त्या स्वस्तिकावर. म्हणायची, "देवाच्या जागेवरचं माह्या पोरीले." बाकीचं पनीर गिऱ्हाइकाले. घरी नेऊन वर मिरपूड अन् मीठ टाकून आपल्या हातानं भरवायची. तसंच, कच्चं. दिपाली बी आवडीनं खायची. माहेरी आल्यावर पोट्टीनं हसणं सुरू केलतं.

होळी तोंडावर आली अन् तिले ताप आला. अंग दुखे, पाठ दुखे. इथल्या डॉक्टरनं गोळ्या देल्या, ताप उतरला, परत चढला. आम्ही म्हटलं, हवा बदलली, होते. मंग एका दुपारी दिपाली विमलताईचा हात धरून म्हणाली, "आई, सकाळपासून हललं नाही वं ते." विमलताईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिनं पोटाले कान लावला, हात लावला, परत कान लावला. मी जीप बोलावली. यवतमाळपर्यंत विमलताई पोट्टीच्या पोटावर हात ठेवून होती. मधून मधून माह्याकडं पाहायची अन् मान हलवायची, हललं नाही म्हणून.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं मशीन लावलं. ठोके होते, पण मंद. दिपालीले भरती केलं, रक्त घेतलं, औषध चालू केलं. बाहेर बाकड्यावर आम्ही दोघी. ती पुटपुटत होती, "माह्यं घे, तिचं नको घेऊ. माह्यं घे." कोणाले म्हणत होती तिलेच मालूम. मी देवबिव मानत नाही, पण त्या वेळी मीही मनात कोणाले तरी हात जोडले.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीण बाईनं आम्हाले आत बोलावलं. विचारलं, "मागच्या दीड-दोन महिन्यांत पेशंटनं काय काय खाल्लं? बाहेरचं? कच्चं दूध? उघड्यावरचं काही?"

विमलताईले तर जोरच चढला. "बाहेरचं? म्याडम, माह्या पोरीनं बाहेरचा घास सुदिक तोंडात घातला नाही. घरचं जेवण, अन् आमच्याच कारखान्याचं पनीर. रोज."

"शिजवून?"

"कच्चं. ताजं ताजं. माह्या हातानं."

 डॉक्टरीण बाई हळू सांगायले लागली. म्हणे, असा एक जंतू असतो, नरम पनीरात, दुधाच्या पदार्थात सापडतो. फ्रीजच्या थंडीतही वाढतो. जिथं पाणी-साबण पोचत नाही अशा फटीत घर करतो. धडधाकट माणसाले फार काही होत नाही, शिजवलं की तो मरतो. पण गर्भार बाई असली तर तो थेट लेकरापर्यंत जातो. विमलताई ऐकत होती की नाही मले समजलं नाही. ती आपल्या हाताकडं पाहून राह्यलती. शेवटी म्हणाली, "पण आम्ही तं लेप लावला, म्याडम. जंतू मारायचा लेप."

मले ते तेलाचं स्वस्तिक आठवलं. मी त्याच पावली एसटी पकडली अन् पांढरकवड्याले आली. कारखाना उघडला, चाकू घेतला अन् त्या स्वस्तिकाच्या कडेले घातला. सारा थर सालीवानी निघून आला. खाली पिवळट, चिकट, बुळबुळीत, अन् असा आंबूस कुबट वास की मी दाराबाहेर येऊन ओकली. बाकीचा टेबल ठणठणीत होता. जिथं जिथं तेलाचं बोट फिरलं होतं, तेवढंच फक्त.

रजतले फोन लावला. तो पहिले समजलाच नाही. मंग म्हणाला, "काकू, वाळायच्या आधी तेल लावलं होतं का कोणी?" मी हो म्हटलं.  तो म्हणाला, "तिथं दूध खाली शिरत राहिलं असेल. वरून धुतलं तरी खाली पोचत नाही. काकू, सगळं पनीर फेका, कोणालाच देऊ नका." मी भाड्याची रिक्षा करून ढाब्या-ढाब्याले गेली, सारं परत घेतलं, खड्ड्यात पुरलं. तिथं कोणाले काही झालं नव्हतं. ते भाजीत उकळून खायचे. कच्चं खाल्लं ते फक्त दिपालीनं.

परत यवतमाळले गेली तं विमलताई दवाखान्याच्या नळावर हात धुवून राह्यलती. मी सांगतलं. लपवून काय करू, सांगा? तिनं सारं ऐकलं, नळ बंद केला, परत चालू केला अन् परत हात धुवायले लागली. कातडी निघेपर्यंत. मी तिले ओढून बाजूले केलं, तं माह्याच छातीवर डोकं आपटत म्हणाली, "कांते, मीच भरवलं न वं! रोज! आ कर म्हणे मी तिले, आ कर!" मी रडली. न रडून काय करते?

त्या पहाटे दिपालीले कळा आल्या. पोरगी झाली. हातभर नाही एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली, नाकाले नळी. विमलताईले आत जाऊ देत होते, पण ती गेली नाही. दाराच्या काचेतून पाहायची. नर्स म्हणाली, "आजी, हात स्वच्छ करून या, बोट लावा, तिला बरं वाटेल." ही मागं सरकली. म्हणाली, "मी नाही लावत." मीच जाऊन बोट लावलं. त्या पोरीनं धरलं बी माह्यं बोट. दोन दिवस झुंजली ती, मंग गेली.

घाटंजीहून सासू आली, श्रावण आला. दिपाली खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिले कशानं झालं ते कोणी सांगतलं नव्हतं. सासू खाटेपाशी उभी राहूनच बोलायले लागली, साऱ्या वॉर्डले ऐकू जाईन असं. "इतक्या वर्षानं राह्यलं, ते बी टिकलं नाही. हिच्या कुशीतच खोट आहे. आम्ही आता किती वाट पाहायची? श्रावणले मोकळं करा." श्रावण खाली मान घालून उभा. दिपालीची पाठ हलून राह्यलती, आवाज नाही.

मी विमलताईचं मनगट पकडलं. मले दिसलं ती काय करणार आहे. मी कानात म्हटलं, "गप राह्य. रिपोर्ट आपल्यापाशी आहे. कोणाले मालूम नाही. तू बोलली तं पोट्टी बी जाईन अन् कारखाना बी जाईन. साऱ्या बायायचं पोट आहे त्याच्यावर." तिनं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही. मंग हात सोडवून घेतला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "माह्या पोरीच्या कुशीत काही खोट नाही. डॉक्टरीण बाईले विचारा. लेकरू चांगलं होतं. माह्या टेबलावर घाण साचली होती, मी तिथलं पनीर तिले खाऊ घातलं, त्याच्यानं झालं. मी केलं हे. माह्या हातानं. बोलायचं असन तं मले बोला, तिले नका बोलू."

 दिपाली वळली. तोंड सुजलेलं, ओठ फाटलेले. "आई, तू रोज देत होती तेच?"

"हो."

"ते देवाच्या जागेवरचं?"

"हो, माय."

दिपाली तिच्याकडं पाहतच राह्यली. मले वाटलं आता ओरडीन, शिव्या देईन. देल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली अन् परत भिंतीकडं वळली.

सासूनं डॉक्टरीण बाईले जाऊन विचारलं. तिनं बी तेच सांगतलं, की पोरीत दोष नाही, पुढं लेकरू होऊ शकते. बुढी परत आली तेव्हा आवाज उतरला होता. म्हणाली, "ठीक आहे. पोरीत खोट नसन तं आमची सून आम्ही नेतो. पण एक सांगते, विहीणबाई. आजपासून तुमच्या हातचा घास तिच्या तोंडात जाणार नाही. अन् तुमच्या उंबऱ्यात ती पाय ठेवणार नाही. पुढचं बाळंतपण आमच्याच घरी." विमलताईनं लगेच हो म्हटलं. घासाघीस नाही, रडणं नाही. जसं काही तिनं तेच मागितलं होतं.

कारखाना तिनं स्वतः बंद केला. बाया चिडल्या, काही आजही बोलत नाहीत तिच्यासंग. मीही चिडली. महिनाभर मलेही काम नव्हतं, माह्या घरात बी चूल आहे. पण तिच्यापुढं बोलायले तोंड उघडत नव्हतं.

दिपालीले सुट्टी झाली त्या दिवशी आम्ही दोघी यवतमाळले गेलो. विमलताईनं डिंकाचे लाडू केलते. लेकरू नसलं तरी बाळंतीणच न ती, अंगातून रक्त गेलेलं. म्हणाली, "सासू पाहणार नाही, तू तिच्या पिशवीत टाकून दे." ती स्वतः गेटपाशीच थांबली, आत आली नाही. मी डबा पिशवीत टाकला, साड्यायच्या खाली. दिपालीनं पाह्यलं. सासू तिकडं बिलाच्या खिडकीपाशी होती, कोणी बोलणारं नव्हतं. तिनं साड्या बाजूले केल्या, डबा काढला अन् माह्या हातात देला. "मावशी, मले भीती वाटते वं," एवढंच बोलली. मंग श्रावणच्या मागं मागं निघाली. गेटमधून जाताना आईच्या अंगावरून गेली, पण मान वर केली नाही. विमलताईनं बी हाक मारली नाही.

परतीच्या बसमध्ये डबा विमलताईच्या मांडीवर होता. पार मोहदा मागं गेलं तरी ती तशीच बसून, दोन्ही हात झाकणावर. मले राग आला. कोणाचा ते मले आजही सांगता येत नाही, दिपालीचा, सासूचा, त्या टेबलाचा, साऱ्यायचाच. मी म्हटलं, "आण तो डबा इकडं. सकाळपासून पोटात काही नाही माह्या."

तिनं डबा छातीशी धरला. "नको खाऊ, कांते. माह्या हातचं आहे."

"म्हणूनच मागून राह्यली," मी म्हटलं अन् हिसकूनच घेतला. एक लाडू खाल्ला. मंग दुसरा.  विमलताई माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, पापणी न लववता. मंग तिनं हात वर केला अन् उलट्या पंज्यानं माह्या कपाळाले लावून पाह्यला. पांढरकवडा येईपर्यंत ती तेच करत होती. जराशा वेळानं हात लावायची, ताप नाही असं पाहायची, अन् परत लावायची.